दर्यावरची पंगत

घाटनांदूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा खोली शोधत एका दारात जाऊन उभा राहिलो. घरमालक ओसरीवर बसले होते. गाव कुठलं, पगार किती, लग्न झालंय का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "जेवला न्हाईत तुमी." मी जेवून आल्याचं खोटंच सांगितलं. त्यांनी आत स्वयंपाकाच्या बाईला ताट करायला सांगितलं. त्या दिवशी मी खोली न बघताच घेतली, कारण जेवणानंतर उठून खोलीपर्यंत जाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. जमीन भरपूर, घराण्याला मान. एकदा पंचायत समितीला उभेही राहिले होते आणि सपाटून पडले होते. मतदानाच्या दिवशी त्यांच्या वाड्यावर जेवण होतं, आणि विरोधकांचे कार्यकर्तेही तिथेच जेवून मत द्यायला गेले. लोक हळहळले. आबांनी मात्र एवढंच विचारलं, की ती पोरं पोटभर जेवली ना.

कारण आबांचा खरा धर्म पंगत. आसपासच्या गावांत लग्न असो, जावळ असो, सप्त्याचा काला असो, वाढण्याचा कारभार त्यांच्याकडे. धोतराचा सोगा खोचलेला, बाह्या कोपरापर्यंत वर, टोपी मागे सरकवलेली, हातात वरणाची बादली. रांगेतून चालताना प्रत्येकाशी दोन शब्द. त्यांचे नियम ठरलेले. पंगतीतून कुणाला उठवायचं नाही, मग बाहेर मंत्री ताटकळत असला तरी बेहत्तर. ताटात भात आहे आणि वरण नाही असा माणूस दिसला की वाढप्या पोरांची कंबख्ती भरायची. आणि सर्वांत मोठा नियम हाताचा. जेवणारा नको म्हणून ताटावर हात आडवा धरतो ना, त्याचं आबांकडे शास्त्र होतं. "एक हात आडवा, म्हंजी लाज," ते पोरांना शिकवायचे. "त्याला वाढायचं. दोन हात आडवे, म्हंजी पोट. मग सोडायचं."

सगळे उठले की ते एकच प्रश्न विचारायचे, "समदे जेवले?" सगळ्यांनी होय म्हटल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत. तेही पंगतीत बसून नाही, मागे चुलवणाशेजारी, उरलंसुरलं. तोवर आबांना पंगतीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वाढणाऱ्याने आधी खाल्लं की त्याचा हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं.

अलीकडे मंगल कार्यालयांत बुफे आला आणि आबांच्या जिवाला घोर लागला. एका लग्नात मी त्यांना टेबलामागे घुसून आचाऱ्याच्या हातातला डाव काढून घेताना पाहिलंय. रांगेतल्या लोकांना ते बळंच जिलेबी वाढत होते. परत येताना गाडीत बसल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ताट हातात धरून रांगेत हुबं ऱ्हायाचं. ह्याला जेवन म्हनायचं व्हय, सर?"

अशा माणसाने आपल्या एकुलत्या एका लेकीच्या हातचं खाणं सोडलं होतं.

आबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही मुलगी, तिला मी ताई म्हणायचो, हट्टाने हॉटेलचा अभ्यासक्रम शिकली आणि एका जहाजावर लागली. जहाज सामानाचं नव्हे, हौशी प्रवाशांचं. लहानसंच पण भारी थाटाचं, देशोदेशीचे पैसेवाले लोक त्यातून समुद्र बघत हिंडतात. ताई तिथे वाढपी म्हणून लागली आणि चढत चढत जेवणघराची प्रमुख झाली. आबांनी गावात सांगितलं, पोरगी जहाज कंपनीच्या हापिसात आहे. घरात मात्र तिला तोंडावर सुनावलं होतं, "आपल्या दारात वाढनं म्हंजी पुन्य. पैशे घिऊन वाढनं म्हंजी चाकरी." तेव्हापासून ती सुट्टीवर आली, चुलीपुढे बसली, ताट वाढलं, की आबा म्हणायचे, मी जेवलोय. दुसऱ्याच्या पोटाबद्दल कधी न चुकणारा माणूस स्वतःच्या पोटाबद्दल राजरोस खोटं बोलायचा. ताई ताट तसंच आत न्यायची. मी समोरच्या खोलीत राहायचो, म्हणून हे मला दिसायचं, आणि मला आबांचा मनस्वी राग यायचा.

मग एका हिवाळ्यात ताईचा मला फोन आला. आबा तिचा फोन घेत नसत. जहाज मुंबईहून गोव्यावरून कोचीला जाणार होतं, काही खोल्या रिकाम्या होत्या आणि अधिकाऱ्यांना घरची माणसं आणायची मुभा होती. "सर, तुम्ही त्यांना घेऊन या," ती म्हणाली. "मी काय करते ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. त्यावरही त्यांना चाकरीच वाटली, तर मी परत त्यांच्यापुढं ताट ठेवणार नाही."

आबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते उठून गोठ्याकडे गेले. संध्याकाळी ओसरीवर येऊन खाली मान घालून बसले. मी शेवटचा उपाय म्हणून सहज म्हटलं, की तिथे रोज शंभरावर माणसं बसून जेवतात म्हणे, बुफे नाही. आबांनी मान वर केली. "कोन वाढतं?" त्यांनी विचारलं. तिथेच मला कळलं की म्हातारा येणार.

येताना त्यांनी गाठोडं भरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा घेतला. लेकीच्या घरचं खाऊ नये, अशी जुनी रीत. ताईचं लग्न झालेलं नाही आणि जहाज काही तिचं सासर नव्हे, असं मी म्हणून पाहिलं. "मग काय हाय?" आबा म्हणाले, आणि गाठोड्याला आणखी एक गाठ मारली.

जहाज मी चित्रात बघितलेल्या डोंगराएवढ्या जहाजांपेक्षा खूपच लहान होतं. पण आतला थाट काही कमी नव्हता. दारातच एका पोरीने थंड, सुवासिक ओला रुमाल हातात दिला. मी तो घेऊन काय करावं या विचारात असताना आबांनी तोंड, मान, हात पुसून तिला आशीर्वादही दिला. पाय धुवायला पाणी नाही पण तोंड पुसायला फडकं दिलं, म्हणजे रीतभात आहे, असा त्यांनी निकाल दिला. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांचं लांबलचक अंगण होतं. खलाशी ते रोज पहाटे धुवून काढत. आबांनी ते बघून चपला काढल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत परत घातल्या नाहीत. खोलीचा नोकर बिचारा रोज त्यांच्यासाठी मऊ सपाता आणून ठेवायचा. सारवलेल्या अंगणात जोडे घालून कोण हिंडतं, असं मी त्याला समजावू शकलो नाही, माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही.

मुंबई मागे पडली. थोड्या वेळाने किनाऱ्याची रेघही गेली. आबा कठड्याला धरून उभे होते. चारी बाजूंना पाणी आणि वर आभाळ, मध्ये आम्ही. मी समुद्र आधी पाहिला होता, पण काठावरून. असा त्याच्या पोटात उभा राहून कधी पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि का कुणास ठाऊक, डोळेही भरून आले. "इतकी वरसं वाटायचं, आपलं रान लई मोटं हाय," आबा म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला घोळ झाला.

जेवणघर झगमगत होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, काचेचे पेले, हळू आवाजातलं वाजंत्र. दारात काळ्या पोशाखात ताई उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करत होती. आम्हाला खिडकीजवळचं टेबल होतं. एकाने आबांसाठी खुर्ची मागे ओढली. आबा बसेनात. मी खुणावलं, तर ते हळूच म्हणाले, "घरचं मानूस हुबं हाय. आपन कसं बसावं?"

त्यांच्या हिशेबाने सगळं सरळ होतं. लेक दारात उभी, म्हणजे यजमान ती. ती यजमान, म्हणजे बाप यजमान. यजमानाने पहिल्या पंगतीला बसायचं नसतं, वाढायचं असतं. मी पाणी प्यायला मान खाली घातली, तेवढ्यात त्यांनी बाजूच्या टेबलावरची गरम पावांची टोपली उचलली आणि बाह्या वर केल्या.

शेजारी एक म्हातारी परदेशी बाई एकटीच बसली होती. आबांनी तिच्या ताटलीत पाव ठेवला. ती हसली. त्यांनी दुसरा ठेवू केला तेव्हा तिने एक हात आडवा धरला. एक हात म्हणजे लाज. आबांनी हाताच्या बाजूने पाव सरकवला आणि आग्रहाने म्हणाले, "घ्या माय, लाजू नका." तिसऱ्या पावाला तिचं हसू गेलं. ती भेदरून खुर्ची मागे सारायला लागली. पलीकडच्या टेबलावरचा गृहस्थ उठून नोकरांशी चढ्या आवाजात बोलू लागला. वाजंत्र सोडून बाकी सगळं थांबलं. लोक वळून बघत होते, धोतर-टोपीतला अनवाणी माणूस टोपली घेऊन मधोमध उभा. आपलं काय चुकलं हे त्या माणसाला खरंच कळलेलं नव्हतं.

ताई आली. भरभर चालत आली, पण धावली नाही. आधी त्या बाईजवळ वाकून काहीतरी बोलली, त्या गृहस्थाला शांत केलं, मग वडिलांच्या हातातून टोपली घेतली.

"आबा, बसा."

आवाज चढवला नाही. पंगतीत गोंधळ घालणाऱ्या गड्याला आबा जसे खाली बसवायचे, तोच आवाज होता. आयुष्यात आबांना "बसा" म्हणून कुणी आज्ञा केली असेल असं मला वाटत नाही. ते बसले. पुढे आलेल्या एकाही पदार्थाला शिवले नाहीत, आणि खोलीत आल्यावर दशमी सोडून खाल्ली. मला वाटलं, संपलं सगळं. आता हा माणूस गोव्याला उतरून एसटीची लाल गाडी पकडेल.

पण दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधीच आबा जेवणघरात हजर. कोपऱ्यातली खुर्ची धरली, पुढे पाण्याचा पेला ठेवला आणि बघत बसले. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. लोक येण्याआधी येऊन बसायचे आणि सगळे गेल्यावर उठायचे. नोकरांना वाटू लागलं हे कंपनीचे तपासनीस असावेत. ते आबांपुढून जाताना पोट आत घ्यायचे. मला आबांच्या शेजारी बसणं भाग होतं. माझ्यापुढे एकाहून एक भारी ताटल्या यायच्या आणि शेजारी आबा उपाशी, त्यामुळे मलाही त्यातलं निम्मं गोड लागेना.

आबा ताटं वाचत होते. चाळीस-पन्नास वर्षांची ती सवय. मला हळूच सांगायचे, त्या म्हातारीनं आज मासा तसाच सोडला, मनात कायतरी हाय तिच्या. मी वळून बघावं तर ताई आधीच तिच्याजवळ पोचलेली, खुर्चीशेजारी वाकून बोलत असलेली. एक जोडपं भांडून आलंय, आबा म्हणायचे, आणि ताईने त्यांच्या टेबलावरचा उजेड आधीच मंद केलेला असायचा. एकदा आबांनी एका माणसाकडे बोट केलं, की त्याला वरून मीठ लागतं पण मागायला लाजतो. मीठ त्याच्यापुढे ठेवलेलं होतं. हळूहळू आबांचं बोलणं कमी झालं. नंतर ते फक्त लेकीकडे बघायचे. मी सिंहगडाएवढ्या लाटा आणि उडणारे मासे बघून थक्क व्हायला आलो होतो, आणि मला थक्क करत होता तो कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा बाप, जो आपल्याच मुलीला पहिल्यांदा बघत होता.

गोवा सोडल्यावर हवा फिरली. थंडीत समुद्र शांत असतो असं सगळे म्हणत होते, पण दुपारपासून वारा सुटला. "आवकाळी हितं बी येतं व्हय," आबा म्हणाले. संध्याकाळपर्यंत जहाज असं हलू लागलं की कपाटं आपोआप उघडायची. जेवणघरात टेबलक्लॉथवर पाणी शिंपडून ते ओले केले होते, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. पण जेवायला फार थोडे आले. बाकीचे खोल्यांत आडवे झाले होते. माझीही गत तीच होती, पण आबांनी कोपरा सोडला नाही, म्हणून मीही तोंडावर रुमाल धरून बसलो होतो.

ताईने तेव्हा जे केलं ते मी कधी विसरणार नाही. लोक जेवायला येत नाहीत म्हटल्यावर ती जेवण घेऊन लोकांकडे गेली. आल्याचा चहा, कोरडा भाजलेला पाव, सफरचंदाच्या फोडी. बोळातून एकेक दार ठोठावत होती. सगळे खलाशी कठडा धरून चालत होते आणि ती दोन्ही हातांत तबक घेऊन, न धरता. जहाज डावीकडे कललं की ती थोडी उजवीकडे कलायची, बस. आबा बोळाच्या तोंडाशी येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते बसले नाहीत. पाव नको म्हणणाऱ्या त्या म्हातारीच्या दारात ताई सर्वांत जास्त वेळ थांबली. बाईने चहा दोन्ही हातांनी घेतला.

शेवटचं दार बंद झालं. ताई परत आली तेव्हा आबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "समदे जेवले?"

"दोघं ऱ्हायलेत, आबा," ती म्हणाली.

ती आत स्वयंपाकघरात गेली, ते मागोमाग गेले, आणि त्यांना सावरायला मी. कामगारांसाठी कुणीतरी वरण-भात शिजवून ठेवला होता. ताईने ओट्यावरच ताटली ठेवली आणि उभ्याउभ्या खायला लागली. सगळ्यांच्या मागून, उरलेलं, चुलीशेजारी. आबांनी ते पाहिलं. एका हाताने ओटा धरून त्यांनी दुसऱ्या हाताने स्टूल ओढलं. "बस, बाई," म्हणाले. ती बसली. त्यांनी डाव घेऊन तिच्या ताटलीत वरण वाढलं. तिने एक हात आडवा धरला. त्यांनी वाढलं. तिने दोन्ही हात धरले तेव्हा थांबले. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते.

तरी म्हाताऱ्याने तिथलं खाल्लं नाहीच. कडक झालेली दशमी चटणीबरोबर चावत खोलीत बसले होते. हट्ट तो हट्ट. पण दिवा मालवायच्या आधी म्हणाले, "वळखीच्याला कुनी बी वाढंल, सर. ही वळख न्हाई त्याला वाढती, आन वळख आसल्यावानी वाढती. मला न्हाई जमलं ते."

कोचीला उतरताना त्यांनी कप्तानाला टॉवेल-टोपी दिली. मुक्कामाच्या घराचा मान म्हणून ती गावाहूनच आणली होती. सहा फुटी गोऱ्या कप्तानाने टोपी डोक्यावर घातली नाही, पण आम्ही दिसेनासे होईपर्यंत खालीही ठेवली नाही. आबांना तेवढं पुरेसं होतं.

गावात परतल्यावर लोकांनी गराडा घातला. काय काय बघितलं विचारलं. आबा म्हणायचे, समुद्र लई मोठा हाय. बस. ताईचं नावही काढलं नाही. मी चिडलो. जहाजावरचं सगळं बोटीतच ठेवून आला की काय हा माणूस, असं वाटलं, आणि काही दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.

पुढे गावात सप्ता बसला. काल्याच्या दिवशी ताई सुट्टीवर आलेली होती. कीर्तन संपलं, देवळापुढच्या मैदानात रांगा धरल्या. पुरुषांच्या पहिल्या पंगतीत तालुक्याचे पुढारी, गावचे मानकरी. या पंगतीत बाप्येच वाढतात, बायकांच्या पंगतीत बायका, हा तिथला शिरस्ता. बुंदी वाढून झाली होती. आबा वरणाची बादली घेऊन उभे होते. त्यांनी कीर्तनकारांचा माइक मागून घेतला. आबा माइकवर बोलतायत म्हटल्यावर पोरंसुद्धा गप्प झाली.

"ही माझी लेक," त्यांनी बायकांच्या बाजूला हात केला. "हापिसात न्हाई. मी खोटं सांगितलंतं. दर्यावर जहाजात वाढती. मुलखाच्या लोकांना वाढती. आज हितं वाढंल."

ताई जागची हलेना. आबाच चालत तिच्यापर्यंत गेले आणि बादली तिच्या हातात दिली. पुढाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, पण आबांच्या पंगतीत आवाज करायची कुणाची छाती नव्हती. आणि मग आबांनी ते केलं जे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. ते रांगेत आले, त्यांच्या सालगड्याला थोडं सरकायला सांगितलं, आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. कुणीतरी लगबगीने पत्रावळ आणून ठेवली. आबा त्या पत्रावळीकडे असे बघत होते जणू ती कशी वापरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ताईने रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. घाई नाही, थांबणं नाही. पुढाऱ्यांना जेवढं, तेवढंच गड्याला. प्रत्येकाशी दोन शब्द. मी समोरच्या रांगेत होतो. ती आबांपाशी आली आणि थांबली. इतकी वर्षं त्यांनी तिला मी जेवलोय म्हणून परत पाठवलं होतं; तिने डाव बादलीत बुडवला, पण वर काढला नाही.

"वाढू का, आबा?"

आबांनी पत्रावळीवर एक हात आडवा धरला. तिने बोटांच्या बाजूने वरण वाढलं, आणि परत वाढलं. त्यांचा दुसरा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी शेवटपर्यंत उचलला नाही.